फायरमधले नाना

दिव्याहून सुटलेली रोह्याची गाडी पेण सोडून कासूला थांबली, की उतरणाऱ्याला काय दिसेल ते महिन्यावर ठरतं. आषाढात खाचरं दिसतात आणि भादव्यात पेणहून निघालेले गणपती. पौष-माघात मात्र सगळ्यात आधी दिसतो तो धूर. आमच्या नानांना नुसता धूर बघून कोण काय करतंय ते सांगता येतं. सरळ वर गेला तर शेकोटी, जमिनीलगत लोळत राहिला तर ओला पाला. काळा असला तर "कुन्या तरी गाढवानं टायर लावलान". आणि धुराबरोबर ओव्याचा आणि भांबुर्डीचा वास आला तर नाना काही बोलत नाहीत. पायात चपला सरकवतात आणि वासाच्या दिशेनं चालू लागतात.

माझं आजोळ कासू स्टेशनपासून पायी अर्ध्या तासावर. नाना तिथले, नात्यानं कुणाचे कोण ते नीटसं कुणालाच सांगता येत नाही, पण मला ते भाच्या म्हणतात आणि मी मुकाट्यानं भाचा होतो. त्यांचं खरं नाव सांगत नाही. त्यानं काही बिघडतही नाही, कारण पेणपासून रोह्यापर्यंत गावागणिक एक असा नाना असतोच. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे दादा. आगीबद्दलची मतं सगळ्यांची एकच.

नानांचं वेगळेपण एवढंच, की ते 'फायरमधे' होते. एका कारखान्याच्या अग्निशमन विभागात मदतनीस म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली. तीस वर्षांत एकदाही मोठी आग लागली नाही. कारखान्याच्या दृष्टीनं ही अभिमानाची गोष्ट, नानांच्या दृष्टीनं आयुष्यभराची हुरहुर. महिन्यातून एकदा मॉक ड्रिल होई. पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतायचं, साहेबांनी पेटवायचं आणि नानांनी विझवायचं. पेटवण्याचा मान तीस वर्षं साहेबांचा. निवृत्तीच्या दिवशी नानांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, शाल मिळाली आणि मोडीत निघालेल्या दोन लाल बादल्या मिळाल्या. शाल नानींनी ठेवून दिली, घड्याळ बंद पडलं. बादल्या वाळू भरून परसात टांगलेल्या आहेत. आता पेटवतातही नानाच आणि विझवतातही नानाच.

त्यांच्या आगीला नियम आहेत. कागदावर कुठेही नाहीत, पण आळीतल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत.

पहिला नियम, वारा विचारल्याशिवाय काडी ओढायची नाही. वारा विचारायचा तो विडीच्या धुराला. नानांनी विडी दहा वर्षांपूर्वी सोडली, पण वाऱ्यासाठी म्हणून एक ओढावी लागते. संध्याकाळच्या वेळी वारा फार लहरी असतो, म्हणून कधीकधी दोन ओढाव्या लागतात.

दुसरा नियम, पेंढ्याच्या उडवीपासून शंभर पावलं लांब. पावलं नानांचीच मोजायची. नाना बुटके आहेत, त्यामुळे शेजाऱ्यांची याला कायम हरकत असते.

तिसरा नियम, पाणी आधी, काडी मग.

आणि चौथा, ज्यानं पेटवली त्यानं उठायचं नाही. राखेला उलटा तळहात लावून चटका बसेनासा झाला, की मगच घरी जायचं. तोवर घरून बोलावणं आलं, जेवण निवलं, मालिका संपली, तरी हरकत नाही.

या चार नियमांचा पूर्ण सोहळा बघायचा तर पोपटीच्या रात्री बघावा. माझ्या ऑफिसातली सहा माणसं एकदा खास पोपटीसाठी मुंबईहून आली. रायगडात थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते, हे त्यांनी ऐकलं होतं. ती नाना लावणार आहेत, हे मी सांगितलं नव्हतं.

मडकं भरण्याचं काम नानींचं. तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मधे बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी पानात गुंडाळून, वर पुन्हा शेंगा. तोंडाशी भांबुर्डी अशी गच्च कोंबायची की मडकं उपडं केलं तरी एक शेंग खाली पडता कामा नये. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. एका पाहुण्यानं, डबा चालतो का, मी व्हिडिओत पत्र्याच्या डब्यातली बघितली होती, असं विचारलं. नानींनी त्याच्याकडे अशा काही दयेनं बघितलं की तो त्या रात्री पुन्हा बोलला नाही.

मग मडकं शेतात उपडं बसलं, भोवती पेंढा, गोवऱ्या आणि सुका पाला रचला गेला, आणि नानांनी शिट्टी फुंकली.

"असेंबली पॉइंट आंब्याखाली," नाना म्हणाले. "आग लागली तं सगल्यांनी तिथं जमायचं. पलायचं नाय. बोंबलायचं नाय. मोबाईल काढायचा नाय."

"पण आग आपणच लावतोय ना?" पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं.

"आपन पोपटी लावतोय, ताई. आग लागली तर म्हनलो मी."

वाऱ्यासाठी विडी झाली. वारा पटला नाही म्हणून दुसरी झाली. शंभर पावलं दोनदा मोजली गेली. लाल बादल्या दोन्ही बाजूंना मांडल्या गेल्या. काडी ओढली तेव्हा पाहुण्यांपैकी दोघांनी बिस्किटाचा पुडा संपवला होता. पण त्यानंतरचा अर्धा तास नानांकडे बघण्यासारखा होता. चेहऱ्यावर जाळाचा उजेड, हातात काठी, कडेचा पेंढा आत सारताना मडक्याला जरासुद्धा धक्का नाही. मधेच ते बोटं पाण्यात बुडवून मडक्यावर थेंब झटकत आणि कान देत. नुसतं भिजलं तर अजून वेळ आहे. चर्रर्र होऊन थेंब तिथल्या तिथे उडाला तर झाली. तिसऱ्या खेपेला चर्रर्र झालं. मडकं उघडल्यावर जो वास सुटला, त्यानं असेंबली पॉइंटवरची शिस्त पार मोडली.

सगळे जेवून, अंगणात पथाऱ्या टाकून झोपले. मध्यरात्री मला जाग आली, तर शेतात नाना एकटेच बसलेले. राखेवर उलटा तळहात.

"झोपा की आता नाना."

"चटका लागतो अजून," ते म्हणाले.

आता नानांचं दुसरं अंग. नानांना आग जितकी कळते, तितकेच शब्दही कळतात, आणि दोन्ही एकत्र आले की समोरच्याची धडगत नसते. त्यांचं म्हणणं असं, की आग ही एक वस्तू नाही. विडी शिलगावतात. चूल पेटवतात. दिवा लावतात. होळीही लावतात. मेलेल्याला अग्नी देतात. डासांना धुरी करतात. राब भाजतात. आणि 'जाळणं' हा शब्द? तो भांडणातला शब्द आहे. घर जाळतात, मत्सरानं जळतात. "मी सकालपास्नं कायबी जालला नाय," असं नाना शपथेवर सांगू शकतात, आणि तेव्हा त्यांच्या पाठीमागे परसात ढीग धुमसत असतो.

या शास्त्राचा पाया आहे राब. आमच्याकडे भाताची रोपं ज्या तुकड्यावर करतात त्याला दाढ म्हणतात. पावसाआधी त्या दाढीवर शेण, तोडलेली कवळ म्हणजे झाडांच्या डहाळ्या, पेंढा आणि पाला असे थर द्यायचे, वरून माती भुरभुरायची, आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं. मग जाळ भडकत नाही, सावकाश सरकत जातो. हीच भाजावळ. तिच्यावरून सरकारशी भांडणं झाली तीही जुनी आहेत. रायगड जिल्हा कुलाबा होता तेव्हा जंगल खात्यानं कवळ तोडायला आडकाठी केली आणि ठाणे-कुलाब्यात अशी ओरड उठली, की 1885 साली मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. ही माहिती नानांना मी दिली, आणि तिथेच चुकलो. दुसरी चूक त्याहून मोठी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांबरोबर राबाचा अभ्यास करून तो 1912 साली छापला, आणि रोप जोमानं येतं ते नुसत्या राखेमुळे नाही, माती तापते त्याचाही त्यात वाटा आहे असं मांडलं, हेही मी सांगून बसलो.

"म्हंजे सायेब पन भाजनंच म्हनला!" नाना उठून उभे राहिले.

साहेबानं ते इंग्रजीत म्हटलं होतं, हे सांगण्याचा धीर मला झाला नाही.

त्या दिवसापासून कृषी सहायकाची काही खैर राहिली नाही. तो बिचारा मोटरसायकलवरून येई आणि समजावून सांगे, की नाना, राब नका भाजू, शेण-पाला कुजवून खत करा, गादीवाफ्यावर रोपं टाका, चारसूत्री पद्धत बघा, त्यात भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळतात.

"राख?" नाना एकदम मवाळ होत. "राख कुठनं आनायची?"

"तूस जाळून."

"मंग ते तुमी जाला," नाना म्हणत. "मी आपला भाजतो."

ही सगळी तयारी कामी आली ती 26 जानेवारी 2018च्या ग्रामसभेत. आमच्या बाजूच्या त्या ग्रामपंचायतीचं नाव घेत नाही, कारण झेंडावंदनानंतरचे लाडू संपल्यावर अशी ग्रामसभा कुठेही होऊ शकते. फलकावर सूचना लागली होती: उघड्यावर कचरा जाळू नये, अन्यथा दंड. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ती वाचून दाखवली. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं डिसेंबर 2016 मध्ये अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणात उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली आहे, साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000, असंही सांगितलं. सभेत शांतता पसरली. पाच हजार म्हटल्यावर ती पसरतेच.

नाना उठले. आत इस्त्रीचा शर्ट, वर निवृत्तीची शाल. नानींनी ती त्या दिवसापुरती काढून दिली होती.

"भाऊसाहेब, घनकचऱ्याचे नियम 2016चे. बरोबर?"

"बरोबर."

"ते शहरांना हायत. आनि रेल्वेच्या हद्दीला. म्हंजे नियम कासू ठेसनापत्तुर आला, फलाटावर उतरला. आपल्या आलीत आला काय? नाय आला. रिक्षाच गावली नाय त्याला."

सभा हसली. हे नानांना कुठून कळलं म्हणून काहींनी माझ्याकडे बघितलं. मी लाडवाच्या कागदाची घडी घालत होतो.

"पण न्यायाधिकरणाचा आदेश सगळ्यांना आहे," भाऊसाहेब म्हणाले. तेही कच्चे नव्हते.

"मान्य. त्यात काय म्हनलाय? कचरा जालू नये. आता पाला हा कचरा कधी जाला? झाडावर असतो तवा पान. खाली परला का पाला. दाढीवर गेला का खत. कचरा व्हायला त्याला वेल कुठं गावतो? आनि जालू नये म्हनलाय. भाजू नये म्हनलाय काय?"

टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. दंडाचं प्रकरण बारगळल्यातच जमा होतं, पण मागच्या रांगेतून आशाताई उठल्या. गावातल्या खोकणाऱ्या म्हाताऱ्या आणि धापणारी पोरं यांची वही त्यांच्याकडे असते.

"नाना, तुमचा पाला पाला आहे ना?"

"शंभर टक्के."

"मग चला बघायला."

अख्खी ग्रामसभा उठून नानांच्या परसात आली. गावच्या इतिहासात कोरम एवढा भरलेला मी तरी पाहिला नव्हता. आशाताईंनी पदर खोचला आणि ढिगात हात घातला. वर फणसाची पानं, आंब्याची पानं. मग शाम्पूची पुडी. मग कुरकुऱ्यांचं पाकीट. दुधाची पिशवी. थर्माकोलच्या प्लेटचा अर्धा चंद्र. आणि 2012 पासून राज्यात ज्याच्यावर बंदी आहे, त्या गुटख्याच्या अकरा पुड्या. एकेक वस्तू वर येई तशी मंडळी मोजत होती.

"हे भाजणार?" आशाताईंनी विचारलं.

नाना काही बोलले नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा खरी आग लागली होती आणि बादल्या हाताशी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना ढिगासमोर पाट टाकून बसलेले दिसले. हातात निखारे उचलायचा चिमटा. हरल्याचं दुःख नव्हतं, हट्ट होता. आपला पाला पालाच आहे हे सिद्ध करायचं, तर त्यात पाल्याखेरीज काही असता कामा नये. ते एकेक पुडी चिमट्यानं उचलत, उजेडात धरून बघत आणि गोणीत टाकत. वाऱ्यानं रस्त्यावरून नवी पाकिटं उडून येत, म्हणून चार दिवसांनी ते रस्त्यावरची उचलू लागले. रस्त्यावर वरच्या आळीतून येतात हे कळल्यावर वरच्या आळीत जाऊन लोकांना शिव्या घालू लागले. गाव स्वच्छ करावा असं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना फक्त आपला ढीग कायद्याच्या कचाट्यातून सोडवायचा होता. तरी पंधरवड्यात आमच्या आळीत पायाला लागेल असं प्लॅस्टिक उरलं नाही. फलक लावून जे दोन वर्षांत झालं नव्हतं, ते फलकाला खोटं पाडायच्या ईर्ष्येनं झालं.

एकच अपघात झाला. ढिगाच्या तळाशी, नानांच्याच बाजूला, विडीच्या बंडलांची वेष्टणं निघाली. एक-दोन नव्हेत, चांगली ओंजळभर. नानी तेव्हा शेजारी वाल सोलत होत्या. त्यांनी वेष्टणं बघितली, नानांकडे बघितलं.

"वाऱ्यासाठी," नाना म्हणाले.

"चक्रीवादल जाला होता काय?" नानींनी विचारलं.

सात गोण्या भरल्या. त्या नानांनी हातगाडीवर घालून पंचायतीत नेल्या आणि भाऊसाहेबांच्या टेबलासमोर ओळीनं उभ्या केल्या. "हा कचरा. तुमचा. पाला माझा. पावती द्या." भाऊसाहेबांनी खरोखर पावती दिली. त्या गोण्यांचं करायचं काय, हा प्रश्न मग भाऊसाहेबांना बरेच दिवस पुरला. 23 मार्चला राज्य सरकारनं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली, तेव्हा नानांचा समज असा झाला, की पावती वरपर्यंत पोचली.

शिमगा झाला आणि भाजावळीचा दिवस आला. नानांनी भाऊसाहेबांना बोलावलं, आशाताईंना बोलावलं, कृषी सहायकालाही सोडलं नाही. दाढीवर शेण, कवळ, पेंढा, निवडलेला पाला, वर मातीची भुरभुर. कडेची पट्टी साफ केलेली, म्हणजे जाळ बांधापलीकडे जाऊ नये. वारा विचारला तो या वेळी चिमूटभर माती उडवून, कारण नानी बघत होत्या. उलट्या अंगानं काडी लागली. जाळ वीतभर उंचीचा, बैलाच्या चालीनं पुढे सरकत गेला. धूर पातळ, पांढरा. काळी रेघ म्हणून नाही.

"हे बघा," नाना म्हणाले. "याला भाजनं म्हन्तात."

मान्य करायलाच हवं होतं. भाऊसाहेबांनी मान डोलावली, कृषी सहायकानं फोटो काढला. आशाताई मात्र पदर नाकाला लावून लांब उभ्या होत्या. आणि त्याच वेळी घराच्या बाजूनं नानी आल्या. दोरीवरून उतरवलेली, सकाळीच धुतलेली साडी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती नानांच्या नाकाशी धरली.

"वास घ्या."

नानांनी घेतला.

"जाललेल्याचा येतो का भाजलेल्याचा?"

1885चा आयोग, 1912चा साहेब, ग्रामसभेतल्या टाळ्या, सगळं त्या साडीपाशी येऊन थांबलं. सगळे नानांच्या तोंडाकडे बघत होते. नानांनी साडी परत केली, घसा खाकरला, शिट्टी ओठाशी नेली आणि न फुंकता खिशात ठेवली. त्या रात्री राखेला हात लावून बसले तेव्हा मी विचारलं, काय झालं. "लक्षात नव्हता आला," एवढंच म्हणाले. मला वाटलं, हरले.

पण नाना हरत नाहीत. नियम वाढवतात. परवा थंडीत गेलो होतो. परसात पाल्याचा नवा ढीग, स्वच्छ, पुडीचं नाव नाही. दोन्ही बादल्या भरलेल्या, पाणी आधी आणलेलं. पाठीला पेंढ्याची उडवी नाही, वारा समुद्राकडून, अगदी हवा तसा. पोरं आंब्याखाली जमलेली. नानांनी काडीची पेटी काढली, काडी बाहेर घेतली आणि मान वळवून घराच्या बाजूला बघितलं.

"पाचवा नियम," एका पोरानं मला हळूच सांगितलं. "आधी दोरी बघायची."

दोरीवर गोधड्या होत्या. सहा. थंडीच्या दिवसांत गोधडी वाळायला दोन दिवस तरी लागतात, आणि नानींकडे गोधड्या बऱ्याच आहेत.

नानांनी काडी परत पेटीत ठेवली.